सुहैली : सागाची होडी आणि दुरुस्तीचे शास्त्र

चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या माणसाला सागाची ओळख करून द्यावी लागत नाही. घराची चौकट सागाची, देवघर सागाचे, मुलीच्या लग्नात दिलेला पलंग सागाचा. बल्लारशाच्या डेपोतल्या ओंडक्यांच्या थप्प्या पाहण्यासाठी दूरदूरचे व्यापारी येतात. आलापल्लीजवळ राखून ठेवलेल्या जुन्या जंगलाला 'ग्लोरी ऑफ आलापल्ली' या नावाने २०१४ साली जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. २०२३ साली अयोध्येच्या राममंदिरासाठी बल्लारशाहून सागवान निघाले, तेव्हा त्याची शोभायात्राच निघाली. असे असले तरी या लाकडाची सर्वांत कठोर परीक्षा घरात किंवा मंदिरात झालेली नाही. ती समुद्रात झाली. एकट्या माणसाने कुठेही न थांबता पृथ्वीला शिडाच्या होडीतून पहिल्यांदा वळसा घातला, ती होडी मुंबईत बांधलेली होती आणि सागाची होती. तिचे नाव 'सुहैली'.

ही कहाणी साहसकथा म्हणून पुष्कळदा सांगितली गेली आहे. मला तिच्यात वेगळे काही दिसते. ज्यांनी महासागर ओलांडले त्यांची वर्णने बारकाईने वाचली, की त्यांत वादळांपेक्षा दुरुस्त्या अधिक आढळतात. फाटलेले शिड, गळणारा सांधा, बंद पडलेले यंत्र, नासलेले पाणी. समुद्रावर राहणे म्हणजे जे रोज मोडते ते रोज जोडणे. म्हणून 'मजबूत होडी कोणती?' या प्रश्नाचे उत्तर 'जी मोडत नाही ती' असे नसून 'जी आतल्या माणसाला, हाताशी असलेल्या वस्तूंनी दुरुस्त करता येते ती' असे आहे. या लेखात ते उत्तर उदाहरणांनिशी तपासायचे आहे.

चांद्याचा आणि समुद्राचा संबंध

आपला मुलूख समुद्रापासून दोन्ही बाजूंनी शेकडो किलोमीटर दूर आहे. तरी एके काळी समुद्र इथपर्यंत आणण्याचा बेत झाला होता. गोदावरीवर धवळेश्वरमचा बांध बांधणारे आर्थर कॉटन आणि त्यांच्या पंथातले इंजिनियर यांची कल्पना अशी होती, की वऱ्हाड-नागपूरचा कापूस वर्धा, वैनगंगा, प्राणहिता आणि गोदावरी या जलमार्गाने थेट बंगालच्या उपसागराला जावा. सिरोंचा हे त्या काळी 'अप्पर गोदावरी' जिल्ह्याचे मुख्य ठाणे होते. नदीच्या वाटेत खडकांचे तीन मोठे पट्टे आडवे येत. त्यांना वळसा घालणारे कालवे आणि पाणी अडवणारे दरवाजे यांची कामे हाती घेण्यात आली. परंतु १८६७ साली मुंबईहून निघालेली रेल्वे नागपूरला पोचली, कापसाला दुसरी वाट मिळाली आणि १८७१ साली नदीवरचे काम बंद करण्यात आले.

जलमार्ग झाला नाही, पण नदीशी असलेला व्यवहार सुटला नाही. भामरागडला पर्लकोटा नदी दर पावसाळ्यात चढते, पूल पाण्याखाली जातो आणि गावाचा संपर्क तुटतो. इंद्रावती आणि प्राणहितेच्या काठी अनेक पिढ्यांनी एका खोडातून कोरलेल्या डोंग्याने नदी ओलांडली. डोंगा वापरणाऱ्याला तो गळू लागला तर कुणाला बोलवावे हा प्रश्न पडत नाही. तो स्वतःच बसून चीर बुजवतो. पुढे ज्या थोर नाविकांचा उल्लेख येईल, त्यांच्या कौशल्याचा पाया यापेक्षा फार निराळा नाही.

साग समुद्राला का मानवतो

लाकडी जहाजाचे तीन शत्रू असतात. पहिला, ओल आणि कोरडेपणाचा फेरा. पाण्याखालचा भाग फुगतो, उन्हातला भाग आक्रसतो आणि सांधे उघडतात. दुसरा, कुजवणारी बुरशी आणि लाकडाला भोके पाडणारे समुद्रातले किडे. तिसरा, गंज. फळ्या ज्या खिळ्यांनी धरलेल्या असतात ते खिळेच खाऱ्या पाण्यात झिजतात.

सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेल असते. बुरशी आणि वाळवी यांना न मानवणारी काही द्रव्येही त्यात असतात, त्यांतले एक 'टेक्टोक्विनोन' या नावाने ओळखले जाते. ओल बदलली तरी साग फार कमी फुगतो आणि फार कमी आक्रसतो. म्हणून सांधे जागेवर राहतात. ओक हे युरोपातले नामांकित जहाजी लाकूड, पण त्यातल्या आम्लांमुळे लोखंडी खिळे लवकर खराब होतात. साग लोखंडाशी अधिक गुण्यागोविंदाने नांदतो. हे सगळे गुण गाभ्याच्या लाकडाचे आहेत. सालीलगतचा पांढरा भाग समुद्रात टिकत नाही, हे आपल्याकडच्या सुताराला सांगायला नको.

साग निर्दोष मात्र नाही. त्यात वाळूसारखे सिलिकाचे कण असतात, त्यामुळे करवत आणि रंधा लवकर बोथट होतात. तेलामुळे त्यावर सरस नीट धरत नाही. ताजा तोडलेला साग इतका जड असतो, की पाण्यावर तरंगत नाही. म्हणून ब्रह्मदेशात झाड उभे असतानाच बुंध्याची साल वर्तुळाकार कापून ते दोन-तीन वर्षे जागच्या जागी वाळू देत आणि मगच तोडून नदीत सोडत.

मुंबईच्या जहाजबांधणीने सागाचे हे गुण जगाला दाखवले. १७३६ साली सुरतेहून मुंबईला आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्या घराण्याने पिढ्यानपिढ्या सागाची जहाजे बांधली. १८१७ साली मुंबईत पाण्यात उतरलेली 'ट्रिंकोमाली' ही मलबारी सागाची युद्धनौका आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे पाण्यावर उभी आहे. तिला दोनशे वर्षे होऊन गेली. या परंपरेच्या शेवटच्या टोकाशी एक लहानशी होडी आहे, आणि आपला विषय ती आहे.

मुंबईत घडलेली होडी

१९६०च्या सुमारास रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा तरुण ब्रिटिश अधिकारी ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या जहाजांवर मुंबईहून ये-जा करत होता. मायदेशी परतताना स्वतःच्या शिडाच्या होडीतून जावे असे त्याच्या मनात आले. इंग्लंडमधल्या एका संस्थेकडून त्याने आराखडे मागवले. हवे होते ते आले नाहीत, जुन्या वळणाच्या 'एरिक' नावाच्या होडीचे आले. ही रचना नॉर्वेच्या कॉलिन आर्चर यांच्या बचावनौकांवरून घेतलेली होती. दोन्ही टोके निमुळती, पोट रुंद, तळाचा कणा लांब आणि खोल. वेग कमी, पण खवळलेल्या समुद्रात पुढून किंवा मागून लाट आली तरी होडी ती फोडून वर येते. वेळ आणि पैसा कमी असल्यामुळे त्याच आराखड्यावर काम सुरू झाले.

मुंबईच्या सुतारांनी ती सागात बांधली. हत्यारे पिढीजात होती. फळीला आकार देण्यासाठी वाकस, भोक पाडण्यासाठी दोरीच्या कमानीने फिरवायचा सामता. लांबी ३२ फूट, रुंदी ११ फूट, डोलकाठ्या दोन. डिसेंबर १९६४मध्ये ती पाण्यात उतरली. अरब खलाशी इराणच्या आखातातल्या आग्नेय वाऱ्याला 'सुहैली' म्हणतात, ते नाव तिला मिळाले. अरबीत 'सुहैल' हे दक्षिणेकडच्या एका तेजस्वी ताऱ्याचेही नाव आहे. आपण त्याला अगस्त्य म्हणतो. समुद्र प्राशन करणाऱ्या ऋषीचा हा तारा आणि होडीचे नाव एकाच शब्दाच्या घरातले निघावेत, हा योगायोग मराठी वाचकाला सुखावणारा आहे.

नॉक्स-जॉन्स्टन आपला भाऊ आणि एक मित्र यांच्यासह मुंबईहून निघाला, दक्षिण आफ्रिकेत थांबला आणि १९६७च्या आरंभी लंडनला पोचला. त्याच वर्षी फ्रान्सिस चिचेस्टर एकटेच, वाटेत सिडनीला एकदाच थांबून, पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. आता एकच गोष्ट उरली होती : एकट्याने, कुठेही न थांबता. 'संडे टाइम्स' या वृत्तपत्राने त्यासाठी 'गोल्डन ग्लोब' शर्यत जाहीर केली. नॉक्स-जॉन्स्टनला नवी पोलादी होडी बांधायची होती, पण तिला पैसा मिळाला नाही. म्हणून तो सुहैली घेऊनच १४ जून १९६८ रोजी फाल्मथ बंदरातून निघाला. नऊ जण शर्यतीत उतरले होते.

घर, कोठार आणि कारखाना

अशा होडीवर राहणे म्हणजे काय, हे आधी समजून घेतले पाहिजे. आत राहण्याची जागा आपल्याकडच्या लहान स्वयंपाकघराएवढी. तिथेच झोपायचे, तिथेच शिजवायचे, तिथेच नकाशे पसरायचे आणि तिथेच सुटे भाग ठेवायचे. रोज पिण्यास आणि स्वयंपाकास तीन लिटर पाणी धरले, तरी तीनशे दिवसांना नऊशे लिटर लागतात. लहान होडी एवढे ओझे सुखाने वाहू शकत नाही, म्हणजे शिडावर पडलेला पाऊस बादलीत धरावाच लागतो. एकट्या नाविकाला सलग झोप नसते. थोडे झोपायचे, उठून दिशा, वारा आणि शिडे पाहायची, पुन्हा पडायचे.

झोपेत सुकाणू कोण धरणार? त्यासाठी एक साधी युक्ती असते. होडीच्या मागच्या बाजूला वाऱ्याने फिरणारे पाते बसवतात. होडी आपली दिशा सोडू लागली, की वारा पात्यावर वेगळ्या बाजूने लागतो, पाते कलते आणि दोऱ्यांच्या किंवा दांड्यांच्या साहाय्याने सुकाणूला परत जागेवर आणते. यात वीज नाही, इंधन नाही, पण सांधे आणि दांडे आहेत, आणि ते मोडतात.

समुद्रात वस्तू का मोडतात? बहुतेक वेळा एका मोठ्या धक्क्याने नव्हे, तर लहान धक्क्यांच्या पुनरावृत्तीने. होडी दर पाच सेकंदांना एकदा डुलली असे मानले, तर एका दिवसात १७,२८० वेळा दोर कप्पीवर घासतो, बिजागरी हलते, फळी किंचित वाकते. तीनशे दिवसांत हा आकडा पन्नास लाखांच्या वर जातो. त्यात मीठ मिसळा. मीठ हवेतली ओल धरून ठेवते, म्हणून तारांचे जोड गंजतात, कपडे वाळत नाहीत, आगकाड्या पेटत नाहीत. जमिनीवर वीस वर्षांत होणारी झीज इथे एका वर्षात होते. म्हणून जाणता नाविक रोज फेरी मारतो, प्रत्येक दोर आणि प्रत्येक खिळा हाताने चाचपतो. ज्या दुरुस्तीचा कंटाळा आज केला, ती उद्या वादळात करावी लागते, हा तिथला पहिला नियम.

पाण्याखालचा सांधा

सुहैली पहिल्या काही आठवड्यांतच गळू लागली. आफ्रिकेच्या पश्चिमेला केप व्हर्दे बेटांच्या आसपास नॉक्स-जॉन्स्टनने पाण्यात उतरून पाहिले. तळाचा कणा आणि त्याला लागून असलेली पहिली फळी यांच्यामधला सांधा उघडला होता, तोही दोन्ही बाजूंनी, आठ-आठ फूट लांब, पाण्याच्या पातळीखाली खोल.

लाकडी होडीत अशा सांध्यात कापूस किंवा ताग ठोसून बसवतात आणि वर लुकण भरतात. लाकूड भिजून फुगले की सांधा घट्ट होतो. हे काम होडी कोरड्या जमिनीवर ओढून करायचे असते. इथे जमीन नव्हती. श्वास रोखून बुडी मारायची, दोन-चार ठोके घालायचे आणि वर यायचे. कापूस बसेपर्यंत दम संपत असे, आणि परत खाली जावे तो तो निघालेला असे. तेव्हा त्याने पद्धत बदलली. होडीवर बसूनच कापूस कॅनव्हासच्या दीड इंच रुंद पट्टीवर शिवला, पट्टीला डांबर फासले आणि तांब्याचे खिळे आधीच तिच्यात टोचून घेतले. आता पाण्याखाली एकेक खिळा ठोकणे एवढेच काम उरले. मध्ये एक शार्क मासा घिरट्या घालू लागला, तेव्हा वर येऊन त्याला गोळी घालावी लागली. शेवटी पट्टीवर तांब्याचा पत्रा ठोकला. गळती जवळजवळ थांबली.

या प्रसंगातले साहस सर्वांच्या नजरेत भरते. पण विचार करण्यासारखी गोष्ट दुसरीच आहे. पोलाद किंवा प्लास्टिकची काया असती, तर हातोडी, कापूस, कॅनव्हास आणि खिळे यांनी ती भर समुद्रात बुजवता आली असती का? फळ्यांची होडी गळते हे खरे, परंतु ती सांध्यांतून गळते, आणि सांधा म्हणजे माणसाने केलेली जोडणी. जे माणसाने जोडले ते माणसाला पुन्हा जोडता येते. सागात खिळा ठोकला तर तो धरतो, पुन्हा ठोकला तरी धरतो. मुंबईच्या सुतारांनी सामत्याने पाडलेली भोके आणि नाविकाने पाण्याखाली ठोकलेले खिळे एकाच कुळातले होते.

पुढच्या दुरुस्त्याही अशाच. केप ऑफ गुड होपच्या दक्षिणेला सप्टेंबरमध्ये एका लाटेने होडी आडवी पाडली, केबिन तिच्या बैठकीवरून हलली. त्याने बोल्ट आणि स्क्रू घालून ती पुन्हा जखडली. टाक्यांमधले पाणी नासले, तेव्हा कॅनमधल्या थोड्या साठ्यावर आणि पावसावर भागवले. बॅटरी भरणाऱ्या इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या टोकांमधले अंतर मोजायचे होते आणि मोजपट्टी नव्हती. तेव्हा त्याने हिशोब केला, की हाताशी असलेल्या वहीची दोनशे पाने म्हणजे एक इंच, तर एक पान म्हणजे इंचाचा दोनशेवा भाग. पाने मोजून अंतर लावले. तारेला डाख द्यायचा होता आणि सोल्डर संपले होते, तर दिव्यांच्या बल्बच्या बुडातले सोल्डरचे थेंब वितळवून जमवले. ऑस्ट्रेलियाजवळ वाऱ्याचे पाते कायमचे निकामी झाले. पण लांब कणा आणि दोन डोलकाठ्या यांचा इथे उपयोग झाला. पुढचे आणि मागचे शिड कमी-जास्त ताणून होडी आपली आपण सरळ जाईल असा तोल त्याने साधला आणि उरलेली अर्धी पृथ्वी तशीच ओलांडली.

न्यूझीलंडच्या किनाऱ्याजवळ नोव्हेंबरात तो दिसला होता. त्याचा रेडिओ आधीच बंद पडला होता. त्यानंतर साडेचार महिने काहीही बातमी नाही. एप्रिल १९६९मध्ये अझोर्स बेटांजवळ एका तेलवाहू जहाजाने त्याचे खुणांचे दिवे पाहिले, आणि २२ एप्रिल रोजी, ३१२ दिवसांनी, तो फाल्मथला पोचला. अंतर सुमारे ३० हजार सागरी मैल. म्हणजे सरासरी वेग ताशी चार सागरी मैल. सायकलवाला याहून पुढे जाईल. पण शर्यत पूर्ण करणारा तो एकटाच होता.

दुसरी बाजू

बाकीच्यांचे काय झाले? त्यांतल्या दोघांची हकीकत आपल्या मुद्द्याशी थेट जोडलेली आहे. फ्रान्सचा बर्नार्ड मोइतेसिये 'जोशुआ' या पोलादी होडीतून निघाला होता. तिच्या डोलकाठ्या म्हणजे तारेचे खांब. आफ्रिकेच्या टोकाशी एका जहाजाशी टक्कर होऊन तिच्या नाकाशी असलेला पोलादी दांडा वाकला. त्याने कप्पी आणि दोर लावून, हळूहळू ताण देऊन, तो एकट्याने सरळ केला. पुढे तो जिंकण्याच्या बेतात असताना शर्यत सोडून ताहितीकडे वळला, ती कथा वेगळी. त्याची होडी मात्र सुहैलीसारखीच ढोबळ, साधी आणि हाताला वश होणारी होती.

दुसरा डोनाल्ड क्रोहर्स्ट. हा विजेच्या उपकरणांचा जाणकार, हुशार आणि कल्पक. त्याची तीन कायांची होडी नवी, वेगवान आणि नव्या कल्पनांनी भरलेली. होडी उलटली तर आपोआप सरळ करणारी यंत्रणा त्याने योजली होती. पण निघण्याची शेवटची तारीख ३१ ऑक्टोबर १९६८ होती. तो त्याच दिवशी निघाला तेव्हा यंत्रणा अपुरी होती, तारा कुठेच जोडलेल्या नव्हत्या, आणि सुट्या भागांचा एक ढीग धक्क्यावरच राहून गेला. होडी गळू लागली, आणि पाणी उपसण्याची नळीही किनाऱ्यावर राहिली होती. दक्षिण महासागरात गेलो तर बुडू, परतलो तर दिवाळे निघेल. या कोंडीत त्याने अटलांटिकमध्येच फिरत राहून खोटी ठिकाणे कळवली. जुलै १९६९मध्ये त्याची होडी मनुष्याविना तरंगताना सापडली. नॉक्स-जॉन्स्टनने विजेत्याचे पाच हजार पौंड क्रोहर्स्टच्या कुटुंबाला दिले.

क्रोहर्स्टला दोष देण्यात अर्थ नाही. त्याची शोकांतिका एवढेच दाखवते, की दुरुस्ती ही ऐन वेळी सुचणारी हिकमत नसून निघण्याच्या आधी केलेली तयारी असते. पहिला एकटा प्रदक्षिणाकार जोशुआ स्लोकम याने १८९२ साली शेतात सडत पडलेली एक जुनी मासेमारी होडी घेतली, जवळचे ओक तोडून तेरा महिन्यांत स्वतःच्या हातांनी नवी केली आणि १८९५ ते १८९८ या काळात तीतून पृथ्वी ओलांडली. त्याने तिची प्रत्येक फळी लावली होती, म्हणून प्रत्येक फळीचा स्वभाव त्याला ठाऊक होता.

गोव्याच्या नदीकाठी

सुहैलीची परंपरा पुढे आपल्याच किनाऱ्यावर वाढली. १९७१च्या युद्धात वीरचक्र मिळवलेले व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर फलटणजवळ विंचुर्णी येथे राहत. भारतीय माणसाने भारतात बांधलेल्या होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी हा त्यांचा ध्यास. नौदलाने २००६ साली तो बेत स्वीकारला आणि कमांडर दिलीप दोंदे पुढे आले. त्यांना धडे देणारा कोण होता? तोच नॉक्स-जॉन्स्टन. तो तेव्हा साठी उलटूनही पुन्हा एका जागतिक शर्यतीची तयारी करत होता, आणि दोंदे इंग्लंडला जाऊन त्याच्या होडीवर हाताखाली काम करत शिकले.

होडी गोव्यात, दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकर यांच्या अॅक्वेरियस या गोदीत बांधली गेली. लाकडाच्या पट्ट्यांची काया, त्यावर आतून-बाहेरून फायबरग्लास. नाव 'म्हादेई'. आराखडा निवडण्यापासून बांधणी पूर्ण होईपर्यंत दोंदे या कामात बुडालेले होते. स्लोकमचाच धडा इथे वेगळ्या रूपात आला : जिच्यावर जगायचे, ती घडताना पाहायची. १९ ऑगस्ट २००९ रोजी ते मुंबईहून निघाले. फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली आणि केप टाउन या चार बंदरांना थांबून ते मे २०१०मध्ये परतले. एकट्याने शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. त्याच होडीतून अभिलाष टॉमी १ नोव्हेंबर २०१२ रोजी निघाले आणि कुठेही न थांबता ३१ मार्च २०१३ रोजी मुंबईला आले. त्याच गोदीत बांधलेल्या 'तारिणी'वरून २०१७-१८ साली लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी, आणि २०२४-२५ साली दिलना आणि रूपा या दोन अधिकाऱ्यांनी प्रदक्षिणा केली. पहिल्या तारिणीच्या शेवटच्या टप्प्यात सुकाणूची यंत्रणा बिघडली, तेव्हा वाट वाकडी करून मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात दुरुस्ती करावी लागली. कुठे स्वतः जोडायचे आणि कुठे बंदर गाठायचे, हा विवेकही दुरुस्तीच्या शास्त्रातच येतो.

या शास्त्राला मर्यादाही आहेत. २०१८ साली गोल्डन ग्लोब शर्यत जुन्या नियमांनी, म्हणजे आधुनिक दिशादर्शक साधनांवाचून, पुन्हा भरवली गेली. टॉमी त्यात 'थुरिया' घेऊन उतरले. ही सुहैलीचीच गोव्यात बांधलेली प्रतिकृती. सप्टेंबरमध्ये हिंदी महासागराच्या दक्षिणेला वादळात तिच्या डोलकाठ्या मोडल्या आणि टॉमी यांच्या पाठीला जबर मार बसला. होडी दुरुस्त करणारे हातच जायबंदी झाले तर लाकूड काय करणार? त्याच वादळात आयर्लंडच्या ग्रेगर मॅकगकिन याचीही डोलकाठी मोडली होती. त्याने उरलेल्या तुकड्यांचे कामचलाऊ शिड उभारले आणि टॉमी यांच्या दिशेने होडी हाकली. तो पोचण्याआधी एका फ्रेंच जहाजाने दोघांना वाचवले, पण दुरुस्ती येणारा माणूस दुसऱ्याच्या मदतीलाही निघू शकतो, हे त्यातून दिसले. टॉमी पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर पुन्हा २०२२च्या शर्यतीत गेले. वाऱ्याचे पाते मोडले, तेव्हा होडीच्या शौचालयाचे दार कापून त्यांनी ते जोडले, आणि एप्रिल २०२३मध्ये ते दुसऱ्या क्रमांकाने पोचले.

संग्रहालयातली हवा

सुहैलीचे पुढे काय झाले, हे सांगितल्याशिवाय हा विचार पुरा होत नाही. कीर्ती मिळाल्यावर काही वर्षे ती ग्रीनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात ठेवली होती. जपणुकीसाठी तिथली हवा कोरडी आणि नियंत्रित असते. ती हवाच तिला बाधली. समुद्राच्या ओलीत टिकलेल्या फळ्या आक्रसू लागल्या, सांधे सुटू लागले. नॉक्स-जॉन्स्टनने २००२ साली तिला तिथून बाहेर काढले. पुढे त्याने स्वतः, सत्तरीच्या पुढे, जुने खिळे काढून नवे घालण्याचे किचकट काम केले. २०१८ साली, पहिल्या प्रवासाला पन्नास वर्षे झाली तेव्हा, ती पुन्हा फाल्मथच्या पाण्यावर शिडे उभारून उभी होती.

सागाचे झाड जंगलात तयार व्हायला साठ-ऐंशी वर्षे घेते. त्याची होडी झाली, तर ती तेवढाच काळ किंवा त्याहून अधिक जगू शकते, पण एका अटीवर : ती वापरात राहिली पाहिजे आणि तिला वेळच्या वेळी हात लागला पाहिजे. आज आपल्या घरातली बहुतेक यंत्रे उघडताच येत नाहीत अशी बंद करून येतात. बिघडले की टाकायचे आणि नवे आणायचे. भामरागडच्या पुरात सापडलेल्या गावाला किंवा दक्षिण महासागरातल्या एकट्या नाविकाला हा मार्ग उपलब्ध नसतो. त्यांना जे आहे तेच पुन्हा उभे करावे लागते. मुंबईतल्या ज्या सुतारांनी सामत्याने भोके पाडून सुहैली जोडली, त्यांची नावे कुठल्या शर्यतीच्या फलकावर नाहीत. परंतु उघडून पाहता येईल, आणि पाहून पुन्हा जोडता येईल, असे काहीतरी त्यांनी घडवले होते. ३१२ दिवस समुद्राने तिला मोडण्याचा प्रयत्न केला, आणि प्रत्येक वेळी तिच्यात दुरुस्तीला जागा सापडली.